धनी मागाहून आला

१

तारीखवाले हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. इंग्रजी शब्दांचा जन्मापासूनचा इतिहास देणाऱ्या एका थोरल्या कोशाच्या कचेरीत ते तीस वर्षं नोकरी करत होते, आणि कुणी नुसतं "परवा मला ताप होता" म्हटलं तरी "परवा म्हणजे किती तारीख?" असं विचारायचे. मग दुसरं काय नाव पडणार?

कामाची रीत अशी होती. जुनी पुस्तकं, पत्रं, रोजनिशा वाचणारी हौशी मंडळी ठिकठिकाणी होती. एखादा शब्द वापरलेला दिसला की ते वाक्य आणि त्याचं वर्ष तळहाताएवढ्या चिठ्ठीवर उतरवून ती कचेरीत धाडत. तारीखवाल्यांनी त्या चिठ्ठ्या वर्षवार लावायच्या, ओळीने वाचायच्या, आणि शब्द कधी जन्मला, त्याचा अर्थ कसकसा सरकत गेला, आजही तो कुणाच्या तोंडी आहे का, हे ठरवायचं. आजची साक्ष मिळाली नाही तर छापताना शब्दाच्या डोक्यावर कट्यारीची खूण पडे. म्हणजे शब्द मेला. या धंद्यात एक मोठं पाप मात्र होतं. साक्षीदाराच्या तोंडात आपण शब्द घालायचा नाही. त्याने आपणहून वापरला तर ती साक्ष, आपण पढवून वदवला तर ती लबाडी.

तर त्या आठवड्यात त्यांच्या खणात एक छोटासा जुना शब्द आला. तो शब्द इथे देत नाही, त्याच्या जागी 'अमुक' म्हणू. कुणी याला नखरे म्हणेल तर म्हणो. कचेरीतल्या ज्या संपादकबाईंकडून ही हकीकत कळली त्यांनी तो सांगितला नाही, आणि ऐकणाऱ्यानेही आग्रह धरला नाही. शब्दाचा पहिला अर्धा भाग 'आधी' अशा अर्थाच्या एका जुन्या शब्दाशी नातं सांगत होता. दुसऱ्या अर्ध्या भागाचे आईबाप कुणालाच ठाऊक नव्हते.

चिठ्ठ्या होत्या तीन. सगळ्यात जुनी एका गृहिणीच्या घरखर्चाच्या वहीतली. तिने लिहिलं होतं की धन्याचा तो अमुक ऐकला, पाणी तापत ठेवलं, आणि धनी मागाहून आला. दुसरी दोनशे वर्षांनंतरची, एका जहाजवाल्याच्या बायकोच्या पत्रातली. अमुक सकाळीच आला, पायरीवर बुटांचा चिखल झटकला, आणि हे आले ते संध्याकाळी. तिसरी आणखी दीडशे वर्षांनी, कुठल्याशा कोर्टात एका मोलकरणीने दिलेल्या जबानीतली. "आम्ही जेवायला बसलो होतो. बाई म्हणाल्या, अमुकला आधी वाढ. तेवढ्यात मालक आले आणि" इथे चिठ्ठी संपत होती. उतरवून घेणाऱ्याने वाक्य अर्ध्यावरच सोडलं होतं.

त्यानंतर काही नाही. शब्द अडीचशे वर्षं गप्प.

तारीखवाल्यांना इतका आनंद झाला की ते डबा खायचंही विसरले. माणूस घरी पोचण्याआधी त्याची चाहूल पोचते, त्या चाहुलीला या लोकांनी नाव ठेवलं होतं! मराठीत आपण 'शंभर वर्षं आयुष्य आहे, आत्ताच आठवण काढली' म्हणून मोकळे होतो. यांच्याकडे थेट शब्द होता. त्यांनी जबानीची पूर्ण नक्कल मिळावी म्हणून एका दप्तरखान्याला पत्र टाकलं आणि संपादकबाईंकडे मुदत मागितली. बाईंनी महिना दिला. महिन्यात आजची साक्ष आली नाही तर कट्यार.

२

घरी ताई होती. तारीखवाल्यांची थोरली बहीण. तिने बावीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती, आणि "हॅलो" मधल्या पहिल्या अक्षरावरून माणूस ओळखायची. पुढे काचबिंदूने डोळे गेले. धाकट्याचं लग्न झालं नव्हतं, तिचं मोडलं होतं, तेव्हा दोघं एकत्र राहू लागली. दोन मजले चढून गेलं की तीन खोल्या. सकाळी नऊला तारीखवाले निघत, "साडेपाचला येतो" म्हणत, आणि पावणेसातला येत. कधी सात, कधी सव्वासात. आले की हातपाय धुऊन पुन्हा चिठ्ठ्या. ताई दिवसभराचं काहीबाही सांगू लागली की हं हं करत. माणूस वाईट नव्हता, पण घरात असून नसल्यासारखा होता, हे सांगितलंच पाहिजे.

त्या दिवशी ते पावणेसातला पोचले तेव्हा टेबलावर चहाचे दोन कप होते. ताईचा रिकामा आणि दुसरा काठोकाठ भरलेला. त्यावर साय धरली होती.

"आलास म्हणून ओतला, तर गेलास कुठे परत?" ताईने विचारलं.

मी आत्ताच येतोय, असं ते म्हणाले. ताई म्हणाली, छे, साडेसहाला किल्ली फिरली, बूट काढलेस, डावा आधी आणि उजवा मग, नेहमीसारखा सुस्कारा टाकलास. मग काहीच नाही. तारीखवाले हसले. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू असेल, म्हणाले. ताई म्हणाली, असेल.

हात धुता धुता त्यांचे हात नळाखालीच थांबले. किल्ली, बूट, सुस्कारा. आणि धनी मागाहून आला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. ज्या साक्षीसाठी महिन्याची मुदत मागितली ती आपल्या घरात चहा ओतून बसली होती! भीती त्यांना वाटली नाही. तेव्हा वाटायला हवी होती, असं ते पुढे संपादकबाईंना म्हणाले.

३

पुढचे दोन आठवडे त्यांनी शास्त्रोक्त काढले. ताईचं घड्याळ काच उघडून काटे बोटांनी चाचपायचं होतं. चाहूल लागली की वेळ लक्षात ठेव, एवढंच तिला सांगितलं. पहिल्या दिवशी चाहूल सव्वासहाला, ते स्वतः सहा चाळीसला. मग सहाला. मग पावणेसहाला. चाहूल रोज थोडी अलीकडे सरकत होती आणि साडेपाचवर येऊन ठाकली. मग पुढे रोज साडेपाच म्हणजे साडेपाच.

बुद्धी जाग्यावर होती, त्यामुळे त्यांनी कारणंही शोधली. जिन्याखाली एका शिंप्याचं दुकान होतं. शिंपीकाकांची खुर्ची अशी की त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय जिना चढता येत नसे. काका म्हणाले, साडेपाचला कुणी दिसत नाही बुवा, पण चौथी पायरी वाजते. चौथी पायरी फक्त तुमच्या पायाखाली वाजते, तुम्ही उजवीकडून चढता ना. लाकूड आहे, उन्हाने तापतं, वाजतं, असं तारीखवाल्यांनी स्वतःला समजावलं. रोज ठरल्या मिनिटाला कसं तापतं, हे विचारायचं टाळलं.

आणि इथे त्यांनी दोन चुका केल्या. पहिली, अंतर किती वाढतं ते बघायचं म्हणून ते मुद्दाम उशिरा येऊ लागले. साडेसात, आठ. घरी आंधळी बहीण वाट बघते आहे आणि हे कचेरीत घड्याळाकडे बघत बसलेत! दुसरी चूक धंद्यातली. मुदत संपत आली होती, आणि ताई चाहुलीला चाहूलच म्हणत होती. तिच्या तोंडून तो शब्द आल्याशिवाय साक्ष कशी होणार? एका सकाळी पोळी मोडता मोडता त्यांनी तिला शब्द सांगून टाकला. अर्थ सांगितला, दोनदा म्हणूनही घेतला.

ताईने तो जिभेवर घोळवून पाहिला. "बरा बसतो तोंडात," ती म्हणाली.

त्या रात्री तिने जेवताना आपणहून सांगितलं, तुझा तो अमुक आज येऊन बसला होता. तारीखवाल्यांनी ताट बाजूला सारून चिठ्ठी लिहिली. वाक्य, वर्ष, तारीख. 'बसला होता' या दोन शब्दांवर त्यांचं पेन जरा अडलं, पण लिहिलं.

४

मग घरात बारीकसारीक बदल दिसू लागले. दुसरा कप आता रिकामा असायचा. ताई संध्याकाळी केस विंचरून बसायची. एकदा ती पूल कोसळल्याची बातमी तपशीलवार बोलू लागली. तारीखवाल्यांनी पेपर उघडला, तर बातमी पाचव्या पानावर, बारीक टाइपात. रेडिओ महिनाभर बिघडलेला होता. तो दुरुस्त करायचं काम त्यांच्याकडेच होतं.

पेपर कुणी वाचून दाखवला, असं त्यांनी विचारलं. ताई म्हणाली, तूच की. आणि हसली. ताईला हसताना त्यांनी कितीतरी वर्षांनी पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते पोट दुखतंय म्हणून दुपारी चारलाच घरी आले. ताई आतल्या खोलीत पडली होती. ते चोरपावलांनी स्वयंपाकघरात शिरले आणि दाराआड स्टुलावर बसले. दार लोटलेलं. पाच वाजता ताई उठली, बाहेरच्या खोलीत जाऊन बसली. नळाचा थेंब, खालचं शिवणयंत्र, स्वतःचा श्वास. साडेपाचला चौथी पायरी वाजली.

किल्ली फिरली. तारीखवाल्यांनी खिसा चाचपला. किल्ली खिशात होती.

डावा बूट. उजवा बूट. सुस्कारा. तो आपला आहे हे कळायला त्यांना एक क्षण लागला, कारण स्वतःचा सुस्कारा बाहेरून कुणी कधी ऐकलेला असतो? मग खुर्ची करकरली, आणि एक आवाज म्हणाला, "ताई, दमलीस का गं आज?"

आवाज त्यांचाच होता. पण असं त्यांनी तिला आजवर विचारलं नव्हतं.

दार ढकलायला दोन पावलं पुरली असती. ते उठले नाहीत. घाबरले होते हे खरं, पण तेवढंच नव्हतं. पुढे काय बोलतो ते ऐकायचं होतं! तीस वर्षांची खोड अशी सुटत नाही. पेपर उलगडल्याचा आवाज आला, कुजबुज, मधेच ताईचं हसू. पाऊण तास ते दाराआड बसून राहिले. बाहेर शांत झालं तेव्हा पाय सुन्न झालेले. खोलीत ताई एकटी होती. समोरच्या खुर्चीवरची गादी अजून दबलेली होती आणि हळूहळू वर येत होती.

"आतून ऐकत होतास ना?" ताई म्हणाली. "बाहेर यायचं होतंस."

५

त्या रात्री तारीखवाल्यांनी ताईच्या साक्षीची चिठ्ठी फाडून टाकली. कट्यार पडली तरी बेहत्तर. त्यांनी ताईचा हात हातात घेऊन वचन दिलं, उद्यापासून साडेपाचला म्हणजे साडेपाचला येईन. ताई म्हणाली, बघू.

आणि ते खरंच आले. आठ दिवस ते पाचला कचेरीतून उठले. संपादकबाईंनी घड्याळ कानाला लावून पाहिलं. चौथी पायरी आता त्यांच्याच पायाने वाजायची. दुसरं कुणी आलं नाही. रेडिओ दुरुस्त झाला. पेपर त्यांनी वाचून दाखवला, जरा भरभर वाचला, पण दाखवला. ताई ऐकायची, पण केस विंचरायची थांबली होती. एकदा वाचता वाचता त्यांना झोप लागली आणि जाग आली तेव्हा ताई दाराकडे तोंड करून बसली होती. काय ऐकतेस, विचारलं. काही नाही, म्हणाली.

नवव्या दिवशी पाचला पाच कमी असताना दप्तरखान्याचं पाकीट आलं. जबानीची पूर्ण नक्कल.

आता पाकीट पिशवीत टाकून घरी जाता आलं नसतं का? आलं असतं. उद्या वाचलं असतं तरी ती मोलकरीण काही उठून जाणार नव्हती. पण एकच पान बघतो, असं म्हणून तारीखवाले उभ्याउभ्याच वाचू लागले. अक्षर किचकट होतं. भिंग घ्यावं लागलं, आणि भिंग घेतलं की बसावं लागलं.

मोलकरणीने सांगितलं होतं, "बाई म्हणाल्या, अमुकला आधी वाढ. तेवढ्यात मालक आले आणि दार वाजवू लागले. आम्ही सगळे त्यांचा आवाज ओळखत होतो. बाई म्हणाल्या, उघडू नका. मी विचारलं, बाई, मालकच नाहीत का ते? बाई म्हणाल्या, आहेत. तीन दिवस दार वाजत होतं. नंतर वाजायचं थांबलं." न्यायाधीशाने विचारलं होतं की मग आज कोर्टात वादी म्हणून बसलेला हा गृहस्थ कोण. मोलकरणीने उत्तर दिल्याची नोंद नव्हती. समासात कारकुनाने फक्त लिहिलं होतं की साक्षीदार वादीकडे बघायला तयार नाही.

तारीखवाल्यांनी मान वर केली. घड्याळात सहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

६

ते धावत सुटले. पन्नाशी उलटलेला माणूस, टोपी एका हातात, पिशवी कचेरीतच. दुकानाशी पोचले तेव्हा शिंपीकाका दोरा ओवत होते. त्यांनी वर पाहिलं आणि सुई हातातच राहिली.

"तुम्ही तर मघाशीच वर गेलात," काका म्हणाले. "आज थांबून चांगलं दहा मिनिटं बोललात माझ्याशी. मुलीची चौकशी केलीत." काकांना मुलगी आहे हे तारीखवाल्यांना ठाऊक नव्हतं.

दोन मजले ते कसे चढले कुणास ठाऊक. किल्ली फिरली, पण दार हललं नाही. आतून कडी होती. त्यांनी थाप मारली, ताईला हाक मारली. आतलं बोलणं थांबलं. दारात पत्रं टाकायला पितळी झाकणाची फट होती. गुडघे टेकून त्यांनी झाकण उचललं.

फटीतून खोली नीटशी दिसत नाही. टेबलाची कड दिसली, ताईच्या साडीचा काठ, खुर्चीची पाठ. खुर्चीच्या हातावर एक कोपर होतं, करड्या स्वेटरमधलं, कोपरावर रफू केलेलं. तारीखवाल्यांनी आपल्या अंगातला स्वेटर पाहिला. तोच रफू, त्याच दोऱ्याचा. तेवढ्यात खुर्चीतल्या हाताने कप उचलला आणि पलीकडे ठेवला. ठेवताना कपाचा कान ताईच्या बाजूला वळवला, आणि तिच्या बोटांना लागावा म्हणून बशी हळूच पुढे सरकवली. इतकी वर्षं ताईच्या समोर कप आदळून ठेवणाऱ्या माणसाने ते पाहिलं, आणि त्याला रडू आलं.

साडीचा काठ हलला. पावलं दाराशी आली.

"ताई, दार उघड. मी आहे गं. तुला आवाज कळतो, नीट ऐक. मी आहे."

"कळतंय रे, धाकट्या," ताई दाराला तोंड लावून म्हणाली. "तो पहिल्यांदा बोलला त्या दिवसापासून कळतंय. बावीस वर्षं आवाजावर पोट भरलंय मी. मला कोण फसवणार?"

"मग तो कोण आहे?"

"ते मला माहीत नाही," ताई म्हणाली. "पण तो येतो म्हणतो तेव्हा येतो."

तारीखवाल्यांनी हात जोडले, जोडलेले हात तिला दिसणार नाहीत हे विसरून. आज पाकीट आलं म्हणून उशीर झाला, एकच पान होतं, उद्यापासून असं होणार नाही, असं ते भडाभडा बोलत राहिले. ताईने सगळं ऐकून घेतलं. तिचा श्वास जड झाला होता. तीही रडत असावी.

"एक सांग मला," ती शेवटी म्हणाली. "तुझी उभी हयात शब्दांत गेली. आधी येतो त्याच्यासाठी तू मला शब्द दिलास. जो मागाहून येतो, त्याला काय म्हणतात?"

तारीखवाले दारापाशी गुडघ्यांवर बसून विचार करू लागले. मनातल्या मनात त्यांनी सगळे खण उघडले, आजचे, शंभर वर्षांपूर्वीचे, हजार वर्षांपूर्वीचे. चिठ्ठ्यांमागून चिठ्ठ्या काढल्या. असा शब्द नव्हता. कुणाला तो कधी लागलाच नव्हता.

"ठाऊक नाही, ताई," ते म्हणाले.

आत खुर्ची करकरली. त्यांच्याच आवाजात, अगदी मायेने, कुणीतरी विचारलं, "कोण आलंय गं, ताई?"

दारावर टेकलेला तिचा तळवा लाकडावरून हळूहळू खाली घसरल्याचं ऐकू आलं.

"कुणी नाही," ती म्हणाली, आणि तिची पावलं आत गेली.